हळदीचं मान्यताप्राप्त गाणं

आनंद ही बेभरवशाची वस्तू आहे. ती माणसाच्या स्वाधीन करून चालत नाही. पूर्वी पेण-रोहा पट्ट्यात लोक लग्नकार्यात वाटेल तेव्हा गात, वाटेल तिथे नाचत आणि कोण गायलं याची कुठेही नोंद नसे. (अशा अवस्थेत आपले पूर्वज शेकडो वर्षं सुखाने नांदले, हा त्यांचा बेजबाबदारपणा.) ही अंदाधुंदी आमच्या पुष्करने मोडून काढली.

पुष्कर माझा पुतण्या. पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर त्याची ‘आनंदयोग लाइव्ह’ ही कंपनी आहे. लग्न असो, बारसं असो, सोसायटीचा वर्धापनदिन असो, तो कलाकार पुरवतो. मी रोह्यात चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो आणि आता त्याच्या कलाकारांचे परिचय लिहितो. ‘रसिकांच्या हृदयसिंहासनावर विराजमान’ हे वाक्य माझं. त्या सिंहासनावर आजवर मी एकशे सोळा जणांना बसवलं आहे.

कंपनीने कलाकारांचे चार वर्ग केले आहेत. पहिला, गाणारे. दुसरा, गाणं वाजत असताना ओठ हलवणारे. यांना मागणी जास्त, कारण घसा बसण्याचा धोका नाही. तिसरा, मालिकेतले, त्यात ज्यांचं पात्र मालिकेत मेलं ते सवलतीत मिळतात, जिवंत असलेल्यांना तारखा नसतात. चौथा, नुसतं येऊन ‘कसं काय, रोहेकर?’ असं विचारून जाणारे. (गेल्या मे महिन्यात एकाने हे पेणला विचारलं. टाळ्या तेवढ्याच पडल्या.) आमच्या पाहणीनुसार शंभरातल्या एक्क्याण्णव पाहुण्यांना कार्यक्रम फार आवडतो आणि त्यातल्या अठ्ठ्याऐंशी जणांना तो कसला होता हे सांगता येत नाही. उरलेले नऊ जेवायला बसलेले असतात.

माझा जुना विद्यार्थी नितेश धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतो. त्याच्या बहिणीचं, प्रणिताचं, लग्न ठरलं. वडील हैबतराव भात आणि वाल पिकवणारे; त्यांचं म्हणणं, मांडव घाला आणि माणसं जेवू घाला. पण शेजारच्या गावातल्या हळदीला मालिकेतली मेलेली सून येऊन गेली होती. तेव्हा घराण्याच्या अब्रूचा प्रश्न म्हणून नितेशने आमचं ‘सुवर्णहळद’ पॅकेज घेतलं.

प्रणिताची अट एकच होती. हळद लागताना ठमाआत्याने गायचं. ठमाबाई ही हैबतरावांची थोरली बहीण, वय सत्याहत्तर, आणि पंचक्रोशीत हळदीची गाणी म्हणणारी उरलेली शेवटची बाई. प्रणिताच्या आईची, सरूची, हळद तिनेच गायली होती. त्या गाण्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं, तिच्या आईबापाचं घ्यावं लागतं. नाव घेतलं म्हणजे हळद लागली, असं तिकडे मानतात. प्रणिता म्हणाली, “सर, आत्यानी माजा नाव घेतल्याबिगर मी पाटावरना उठायची नाय.”

अडचण कलम नऊची होती. ‘करारकाळात मांडवात नोंदणी नसलेल्या व्यक्तीने गाऊ नये अथवा गुणगुणू नये.’ (त्यातलं ‘अथवा गुणगुणू नये’ मी सुचवलं होतं.) त्यामुळे ठमाबाईची नोंदणी करायचं ठरलं. अर्ज मीच भरला. अनुयायी किती, या रकान्यात तिने तीन सुना सांगितल्या. आजवर किती लग्नांत गायलात, याला ती म्हणाली, “मोजली नाय बाबा.” रकाना आकड्यांत भरायचा असल्याने मी शून्य लिहिलं.

निवडचाचणीला नितेश तिला पेणला घेऊन आला. रंग न दिलेल्या गणपतींच्या रांगेतून वाट काढत म्हातारी माडी चढली. निवड अधिकारी हेमांगी (वय सव्वीस, अविवाहित) म्हणाली, “आजी, एक कडवं म्हणून दाखवा.”

“नवरी नाय, हळद नाय. नाव कुनाचा घेऊ गो?”

“कुणाचंही घ्या. फक्त रेकॉर्डिंगसाठी आहे.”

“कुनाचाय कसा घेईन?” असं म्हणून ठमाबाई जायला उठली.

यावर पुष्करने व्यवहार्य तोडगा काढला. हेमांगीलाच नवरी म्हणून बसवलं. हळदीऐवजी खालच्या कारखान्यातला पिवळा रंग चालेल का, असं त्याने विचारलं. त्यावर ठमाबाईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो स्वतः वाण्याकडे गेला. मग तिने हेमांगीच्या आईबापाची नावं विचारून घेतली, तिच्या गालाला बोट लावलं आणि गायला लागली.

“हेमांगी बाळीला हळद लागते, धावीर देव बघाया येतो गो...”

चार मिनिटं कुणी हललं नाही. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. (ते कारखान्यातल्या धुळीमुळे, असं तिने नंतर लेखी कळवलं.) रेकॉर्डिंग अप्रतिम झालं. इतकं, की सत्याहत्तर वर्षांच्या गळ्याची जोखीम पुन्हा कशाला, असा विचार करून कंपनीने ठमाबाईला दुसऱ्या वर्गात मान्यता दिली.

हळदीला मांडवात चारशे बारा पाहुणे होते. कार्यक्रम संध्याकाळी पाचला ठेवला होता, कारण कंपनीची दुसरी हळद सातला होती. प्रणिता पाटावर बसली. ठमाबाईला स्टेजवर उभं करून हातात बंद माइक दिला. स्पीकरमधून ठेका सुरू झाला आणि मागोमाग तिचाच आवाज आला. हेमांगी बाळीला हळद लागते.

प्रणिताने वर पाहिलं. सरूचा हळदीचा हात तिच्या गालाशी थांबला.

“सर, नाव दुसराच येतंय,” नितेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला. मी त्याला पुष्करकडे नेलं. पुष्कर म्हणाला, “नावातला बदल अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचा असतो. आणि बघ ना, कुणाला काही कळलंय का?” त्याचं खरं होतं. चारशे पाहुणे मोबाइल वर धरून नाचत होते.

ठमाबाईने माइक खुर्चीवर ठेवला. कठडा धरून खाली उतरली, पाटाजवळ उकिडवी बसली आणि प्रणिताच्या कानाला तोंड लावून गायला लागली. वर स्पीकर हेमांगीला हळद लावत होता आणि खाली प्रणिता डोळे मिटून आत्याचा हात घट्ट धरून होती. सरू रडत होती. हा कलम नऊचा उघड भंग होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, पण आत्या काय गायली ते मला सांगता येणार नाही. मी व्हिडिओ काढत होतो. याची मला लाज वाटते. परिचय लिहिताना कधी वाटली नव्हती.

नियमभंगाबद्दल ठमाबाईची नोंदणी रद्द झाली. रेकॉर्डिंग कंपनीकडेच आहे. त्यानंतर एकवीस हळदींना ते वाजलं आणि एकवीस मुली हेमांगीच्या नावाने उजवल्या गेल्या. हेमांगी स्वतः अजून अविवाहित आहे. तक्रार एकही आलेली नाही.

माझा व्हिडिओ मात्र गाजला. त्यात म्हातारीचे ओठ हलताना दिसतात आणि वर स्पीकरचं गाणं ऐकू येतं. तुम्हीही तो पाहिलात. ‘अंगावर काटा आला, हीच आपली संस्कृती, प्रणिताताई अभिनंदन’ असं खाली लिहिलंत आणि चौघांना पाठवलात. त्या गाण्यात हेमांगीचं नाव अकरा वेळा येतं.