भुसारीकाकांचा ओटीपी

आमच्या साइटवर स्लॅब कधी भरायचा, हे कुसुमकाकूंची भाजी चिरून झाल्यावर ठरायचं. काकू इंजिनिअर नाहीत. त्यांनी ती इमारत जवळून पाहिलेलीही नाही. त्या आमच्या भुसारीकाकांच्या पत्नी, आणि दीक्षितपुऱ्यात घरी बसून हा कारभार बघायच्या.

भुसारीकाका आमच्याकडे बांधकाम तपासतात. हेल्मेटखाली बारमाही मफलर, आणि तोंडात एकच वाक्य : "पहले तसल्ली, फिर सही." सळयांच्या जाळीत डोकं घालून ते अर्धा अर्धा तास बसतात. खांबाशी बोलतात. "काय बाबू, सरळ उभा आहेस ना?" असं विचारून त्याला ओळंबा लावतात आणि उत्तर पटलं की पुढच्याकडे जातात.

मी त्याच बिल्डरकडे कॉम्प्युटरचं काम पाहतो. स्लॅब भरण्याआधी सळया, शटरिंग, विजेच्या नळ्या तपासून चेकलिस्टवर सही लागते. हे कागद पूर्वी सिमेंटच्या पोत्याखाली सापडायचे, नाहीतर सापडायचेच नाहीत. म्हणून मी एपीआय जोडला. म्हणजे टॅबलेटवर शेवटची खूण पडली, की आमचा प्रोग्रॅम सहीच्या सेवेला परस्पर सांगतो, ती सेवा काकांच्या फोनवर विनंती धाडते, काकांनी आधारचा ओटीपी टाकला की डिजिटल सही झाली. मध्ये कुणी माणूस नको! यावर मी मालकांसमोर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं होतं.

काकांनी मध्ये बायको घातली. त्यांच्या आधारला नंबर जोडलेला होता काकूंचा. घरातले सगळे कागद काकूच भरत, त्यांनी आपलाच नंबर दोघांच्या नावापुढे लिहून टाकला होता.

पहिल्या दिवशी खाली काँक्रीटचे ट्रक घरघरत उभे, आणि वर काका फोन स्पीकरवर ठेवून ओरडताहेत.

"अगं, ओटीपी आला का?"

"आला. पण यात लिहून आहे, कोणालाच सांगू नका. मग तुम्हाला काहून सांगू?"

"अगं, माझाच आहे तो!"

"तुमचा आहे तर माझ्या फोनवर काहून आला?"

तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तर काकूंनी विचारलं, "डबा खाल्ला का?" नव्हता खाल्ला. "मग आधी जेवा. तोवर मी भाजी चिरून घेते." ठेकेदार, मिस्त्री, ड्रायव्हर सगळे काकांचा एकेक घास मोजत उभे राहिले. पुढे पुढे तर ठेकेदारच सकाळी काकांना आधी जेवायला बसवायचा.

मी म्हणायचो, "काका, इथं जवळच, गोरखपूर मोहल्ल्यात आधार केंद्र आहे. नंबर बदलून घ्या."

"जातो ना! चलो, सोमवारी पक्का." सोमवारी केंद्राचा सर्व्हर बंद असायचा. नाहीतर पितृपक्ष असायचा, त्यात नवा नंबर कसा घ्यायचा? फारच मागे लागलो तर उलट मलाच झापायचे, "तुझे हे एपीआय मुनीमजी फार घाई करून राहिले, बेटा. बीम काय पळून चालला?"

मग एक दिवस काकूंना डुलकी लागली. फोन वाजून वाजून थकला आणि ट्रकमधलं काँक्रीट आळून वाया गेलं. मालकांनी काकांना बोलावलं. या महिन्यात नंबर बदला, नाहीतर सही दुसरा कुणीतरी करेल. काका 'पहले तसल्ली'सुद्धा म्हणाले नाहीत, गुपचूप मफलर नीट करत बाहेर आले. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. दहा मिनिटांचं काम, आणि हा माणूस त्यापायी आपली सही घालवायला निघाला होता.

रविवारी मी त्यांना ओढून न्यायचंच ठरवून घरी गेलो. काका दूध आणायला गेले होते. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी वॉकर. घसरून मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून जिना उतरणं बंद, हे मला तिथं कळलं.

"ये बेटा. ती पिवळी क्रेन दिसते ना? ती आपली बिल्डिंग. पाचवा माळा परवा पास केला मी," काकू म्हणाल्या. "सहाव्याला यांनी डबा परत आणला, तर मी नाही देत ओटीपी."

चहा झाल्यावर काका मला जिन्यापर्यंत सोडायला आले. हळू आवाजात म्हणाले, "आधी रोज नदीवर, ग्वारीघाटाला जायची, गल्लीतल्या पोरांना गणित शिकवायची. पाय मोडला अन् म्हणे, आता माझं काही कामच उरलं नाही. दिवसभर भिंतीकडे पाहायची, बोलायची नाही. मग तुझा पहिला ओटीपी आला." ते हसले. "माझ्याशी भांडली रे त्या दिवशी. किती दिवसांनी!"

मी चपलेत पाय घातले. काका म्हणाले, "पण कामाचं नुकसान नाही होऊ देणार. उद्या जातो."

आणि खरंच गेले. नंबर बदलला.

सहाव्या स्लॅबला मी मुद्दाम वर जाऊन उभा राहिलो. चेकलिस्ट पूर्ण झाली, विनंती सुटली, आणि ओटीपी थेट काकांच्या हातातल्या फोनवर टुणकन आला. मी पाहिला. काकांनी माझ्याकडे पाठ केली, अंगठ्यानं बराच वेळ काहीतरी टाइप करून पाठवलं आणि मग फोन लावला.

"अगं, आला का? हो, जेवलो. पूर्ण जेवलो. हं, सांग."

खिशातली सुताराची पेन्सिल काढून ते शटरिंगच्या फळीवर एकेक आकडा लिहू लागले. "चार... मग? सात? अगं, चष्मा लावून नीट पाहा. सगळे तुझ्यासाठीच थांबून राहिले."

ओटीपी कुणाला पाठवू नये, यावरही माझं एक भाषण तयार असतं. खाली ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला. मी कठड्यावरून वाकलो आणि ओरडलो, "रुको भैया! मॅडम की मंजूरी आनी बाकी है!"