नववं प्रकरण

पुस्तक वाचण्यासाठी असते, हा गैरसमज परभणी जिल्ह्याने केव्हाच दूर केला आहे. पुस्तक सत्कारासाठी असते. हार सुकतो, नारळाची चटणी होते; पुस्तक मात्र न उघडल्यास नवेकोरे राहते आणि पुढच्या सत्काराला चालते.

ही थोर व्यवस्था डॉ. धम्मपाल खिल्लारे यांना ठाऊक नव्हती. मानवतच्या एका कॉलेजात त्यांनी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, सतरा शोधनिबंध लिहिले. ते एकूण तिघांनी वाचले (पैकी दोन परीक्षक). आपलं लिहिलेलं एका तरी माणसानं जीव लावून वाचावं, एवढ्या हौसेपायी त्यांनी आपल्या आईवर, कापूस वेचून त्यांना शिकवणाऱ्या गीताबाईंवर, कादंबरी लिहिली. नायिका किती मिलिलिटर रडली तेही दिलं (पाच टक्के इकडेतिकडे).

प्रकाशन दणक्यात झालं. सात वक्ते बोलले. सातही जणांनी कादंबरी 'प्रवासात वाचली' होती (प्रवास: रिक्षा स्टँड ते स्टेज). महिन्याभरात तीनशे प्रती सत्कारांना लागल्या. एक प्रत तर पोखर्णीहून निघून, वाटेत चार सत्कार उरकून, चारठाण्याला पोचली. डॉक्टरांचे पाय जमिनीवर ठरेनात.

मग एक दिवस त्यांनी स्वतः पुस्तक उघडलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. नववं प्रकरण, आईच्या मरणाचं, छापलंच नव्हतं. सोळा पानं कोरी, अन् तीही सगळ्या प्रतींत!

मेल्याहून मेल्यासारखं होऊन ते एकेकाला फोन लावत सुटले. पण माफी मागायच्या आतच पलीकडून कौतुक सुरू व्हायचं. एक्केचाळीस जणांना नववं प्रकरण सर्वांत आवडलं होतं. समीक्षक दिनकररावांना तर त्यातला 'शब्दांचा संयम' फार भावला, आणि त्यांच्याच शिफारशीवरून पुरस्कारही मिळाला.

डॉक्टर पार खचले. तेवढ्यात कस्तुराबाईंचा फोन आला. त्या कॉलेजातल्या निवृत्त शिपाई. निरोप समारंभात एक प्रत त्यांच्याही पदरात पडलेली.

"सर, गीताबाई दवाखान्यात गेली अन् फुडं पानं कोरीच हायेत. दोन दिस झाले, जिवाला घोर लागलाय. बरी झाली का वो ती?"

डॉक्टर म्हणाले, "न्हाई, मावशी. गेली ती."

मग दोघंही फोनवर हमसून हमसून रडले. एवढं सुख डॉक्टरांना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

सत्काराची प्रत उघडल्याबद्दल सत्कार समितीनं कस्तुराबाईंना लेखी समज दिली. बाकीच्यांशी डॉक्टर अजून हसून बोलतात. परवा लग्नात तुम्हीच नाही का त्यांचा हात हातात घेऊन म्हणालात, "सर, नवव्या प्रकरणानं लय रडवलं बघा"?