प्रश्न रेकॉर्डवर घ्या

शकुकाकू मासे घेताना कोळणीला "अध्यक्षमहाराज" म्हणतात.

"अध्यक्षमहाराज, हा बांगडा आजचा आहे की मागच्या आर्थिक वर्षातला? प्रश्न रेकॉर्डवर घ्या."

"रेकॉर्डाला मीठ लावून ठेवते काकू," कोळीण म्हणते, "पन आधी घ्यायचा का न्हाय ते बोल."

एसटीचा कंडक्टर, तलाठी, सत्यनारायणाला उशिरा येणारे गुरुजी, सगळे अध्यक्षमहाराज. गुरुजी पोथीतून जरा भरकटले की काकू हात वर करतात. "विषयपत्रिकेवर या."

ही खोड कंपनीच्या सभांमधून आलेली आहे. काशीदच्या पुढे, मुरुडच्या अलीकडे आमचं गाव. पुढे समुद्र, मागे टेकडी. म्हणजे होती. बॉक्साइटसाठी एका कंपनीने ती वरून खरवडत आणली आणि आता तिथे तांबडा, उघडा खड्डा आहे. काकूंचे यजमान आबाकाका त्याच कंपनीच्या सर्व्हे खात्यात होते. कंपनीने नोकरांना थोडे थोडे शेअर दिले होते. आबाकाका गेले आणि त्यांचे शेअर काकूंच्या नावावर झाले. इतके थोडे, की सगळी कंपनी भागधारकांत वाटली असती तर काकूंच्या वाट्याला टेकडीवरचा एखादा दगड आला असता. काकूंचं पोट वाडीतल्या नारळ-सुपारीवर चालतं. पण विचाराल त्याला त्या सांगणार, "मी मालकीण आहे."

मी या गावात मागाहून राहायला आले; वाढले ते पत्रकांच्या घरात. वडील न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर, आणि कामानंतर युनियनच्या. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे भागधारक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला, बोटांत अंगठ्या घातलेला माणूस यायचा. प्रत्यक्षात पहिला भागधारक भेटला तो पडवीत बसून सुपारी सोलत होता, आणि त्याच्या लुगड्याला केळीचे डाग होते.

"काकू, टेकडी तुम्ही खाल्लीत," मी एकदा तोंडावर म्हणाले.

"खाल्ली," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी विचारते. माझ्या घरात सांडलं तर पुसा म्हणून मी नाही सांगणार तर कोण, तू? पत्रक काढून?"

तेव्हापासून मी त्यांची "पत्रकबाई" झाले.

दर महिन्याला काकू टेकडीवर चढून खाणीच्या फाटकाशी जात. तिथे जनू वॉचमन. तो गावातलाच, यमुनाबाईंचा मुलगा.

"काकू, आत न्हाय जायाचं. मालकाची परवानगी लागतं."

"दिली," काकू म्हणत आणि आत जात.

वर्षातून एकदा कंपनीची सर्वसाधारण सभा मुंबईला. काकू काठापदराचं लुगडं नेसून एसटीने निघत आणि मांडव्याहून लाँच धरत. सभेत बाकीचे लोक लाभांश किती, बोनस शेअर कधी, असं विचारत. काकू उभ्या राहून एकच विचारत: "खणून झालेल्या जागी माती परत टाकून झाडं लावू, असं आपण लिहून दिलेलं आहे. कधी टाकणार?" व्यासपीठावरून उत्तर येई, "विषय विचाराधीन आहे." टाळ्या होत, आणि सगळ्यांना खाऊचा डबा मिळे. सामोसा, लाडू, वेफर्स. काकू तो डबा तिथे उघडत नसत. पिशवीत घालून तसाच गावी आणत. तो कुणाच्या पोटात जातो हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

मग सभा मोबाइलवर व्हायला लागली. काकूंनी मोबाइल पाटाच्या आधाराने उभा केला, काठापदराचं लुगडं नेसल्या आणि समोर मांडी घातली. "अध्यक्षमहाराज" इतकं म्हणेपर्यंत कुणीतरी पलीकडून त्यांचा आवाज बंद केला. काकू न थांबता पूर्ण प्रश्न विचारून मोकळ्या झाल्या. "त्यांनी कान बंद केलेत, मी तोंड का बंद करू?" त्या वर्षी डबा नव्हता. काकूंनी वाण्याकडून बिस्किटांचा पुडा घेतला आणि टेकडीच्या बाजूला चालायला लागल्या.

आणि मग कंपनी बुडाली.

बुडाली म्हणजे बँकांचे हप्ते थकले आणि प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. संचालक बाजूला झाले आणि कारभार पाहायला एक अधिकारी नेमला गेला. कोणी कंपनीवर दावा लावायचा नाही, वसुली थांबवायची, सगळ्यांनी आपापलं येणं त्या अधिकाऱ्याकडे नोंदवायचं. काकूंच्या शेजारचा एकजण धावत आला. "काकू, अजून बाजारात भाव आहे, विकून टाका!" काकूंनी त्याला पाणी दिलं. "विकले तर सभेला काय म्हणून जाऊ? बघे म्हणून?" पुढच्या महिन्यात खरेदी-विक्रीच थांबली.

अधिकारी खाणीवरच्या सामानाची यादी करायला आला. तरुण, मुंबईचा, बूट लाल धुळीने माखलेले. काकू फाटकाशी कोकम सरबत घेऊन उभ्या.

"मॅडम, स्पष्ट सांगतो," तो बिचारा सभ्य होता. "आधी बँका आणि कामगार, मग सरकार, मग माल पुरवणारे. भागधारक सगळ्यांत शेवटी. तिथपर्यंत काही उरत नाही. तुम्हाला काहीही मिळणार नाही."

"मी मागितलं कुठे? मी विचारलं."

"भागधारकाला दावा लावता येत नाही, मॅडम."

"दावा नाही. प्रश्न आहे."

तो घोटभर सरबत प्यायला. "प्रश्नासाठी फॉर्म नाही."

परत येताना मी संतापले होते. हा काय कायदा! घेणेकऱ्यांची एवढी लांब रांग, आणि त्या रांगेत टेकडी कुठेच नाही. काकू मात्र शांत.

"बरोबर बोलला तो. पंगती असतात गं. पाहुण्यांची आधी, वाढप्यांची नंतर, घरच्या बाईची शेवटी. पातेलं खरवडून निघेल ते तिचं. मला त्याचं काही नाही. पण शेवटी जेवली म्हणून तिला कोणी 'तू कोण' असं नाही विचारत."

वर्ष-दीड वर्षाने तेही विचारलं गेलं. दुसऱ्या एका कंपनीने खाण घेतली. न्यायाधिकरणाचा आदेश मी मोबाइलवर वाचून दाखवला. जुने सगळे शेअर रद्द. पैसे शून्य, हे ठाऊक होतंच. पण शेअरच नाहीत. जुन्या देण्यांतून नवा मालक मोकळा. खड्डा हे देणं आहे की नाही, यावर इतक्या पानांत एक ओळ नव्हती.

काकूंच्या हातातला अडकित्ता थांबला.

"म्हणजे यंदा सभेला…"

"नाही काकू. तुम्ही आता भागधारक नाही."

त्या दिवशी कोळीण दारावरून ओरडत गेली. काकूंनी नुसते मासे घेतले. अध्यक्षमहाराज नाही, काही नाही. कोळीण मला येऊन विचारून गेली, काकूंना बरं न्हाय काय?

चार दिवसांनी काकू माझ्या दारात. "पत्रकबाई, नोटीस काढायची आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा. स्थळ, माझं अंगण."

"कोणत्या कंपनीची?"

"टेकडीची."

मी रात्र जागून जहाल मजकूर लिहिला. काकूंनी सकाळी लाल पेन मागितलं. "हे 'रक्तपिपासू' काढ. सभेच्या नोटिशीत रक्त नसतं. 'लुटारू' राहू दे, ते खरं आहे."

सभेला मोजकी माणसं आली. कोळीण आली, गुरुजी आले, बाकी दोन-चार शेजारी. जनू गणवेशात आला. पगार कधीपासून थकलेला, नव्या मालकाने ठेवलंय की काढलंय हे कुणी सांगितलेलं नाही, तरी म्हणतो, "ड्युटीवर हाय." समोर प्लॅस्टिकची एक खुर्ची मांडलेली, अध्यक्षांची. रिकामी. काकू काठापदरात उभ्या राहिल्या, खुर्चीकडे पाहून त्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. खुर्ची काही बोलली नाही. विचाराधीन आहे, एवढंसुद्धा नाही.

जनूने टोपी काढली. "काकू, आयेला काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी जाते."

काकूंनी नारळाच्या वड्यांचा डबा घेतला. मी सोबत निघाले. टेकडीच्या पायथ्याशी जाणाऱ्या वाटेवर त्यांनी मला सांगितलं, माझ्याकडे न बघता. जमिनी घेताना गाव तयार नव्हता. तेव्हा आबाकाका देवळात उभे राहून म्हणाले, खणून झालं की टेकडी होती तशी करून देऊ, माझा शब्द. कंपनीचा नव्हे, माझा. त्यांना ते खरंच वाटत होतं. सगळ्यांत शेवटी अंगठा दिला यमुनाबाईंनी. वर त्यांची नाचणीची जमीन होती. "पुढे आबा देवळासमोरून कधी गेले नाहीत. मागच्या गल्लीने जायचे. मरेपर्यंत."

यमुनाबाई दारात चिंचा फोडत बसल्या होत्या. वय झालेलं, नजर कमी. पावलं ऐकून म्हणाल्या, "आली काय गो बाय? डबा आनलास?"

काकू उंबऱ्यावर टेकल्या. "विचारलं गं, यमुने."

"मंग? काय बोलला?"

दरवर्षी काकू म्हणत असणार, पुढच्या वर्षी. या खेपेला त्यांनी डबा पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "बोलायला कोणी नव्हतं. मला काढून टाकलं गं. आता मी कोणी नाही तिथे."

यमुनाबाईंनी चाचपडत डबा उघडला, एक वडी तोंडात टाकली.

"बाय, तुज्या मान्साला मी कवाच सोडलाय. तो मेला त्या दिशी. शब्द दिलान तवा त्याचा आवाज कापत व्हता, मी आयकला व्हता. तूच त्याला सोडत न्हाईस."

काकूंचा चेहरा पाहवेना. "मग इतकी वर्षं माझं ऐकत का बसलीस?"

"तू येतंस म्हनून," यमुनाबाई म्हणाल्या. "आनि कोन येतं हिकडं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी वर टेकडीकडे बघत राहिले. तिथे नव्या कंपनीची पाटी लागली होती, रंग अजून ओला असेल. जरा वेळाने मागून खाकरल्याचा आवाज आला. काकू उंबऱ्यावरच ताठ बसल्या होत्या.

"ते तुझं झालं, यमुने. माझं नाही झालं. माती टाकायलाच हवी. उद्या मी वर फाटकाशी जाणार आणि नव्याला विचारणार. मालकीण म्हणून नाही, नुसती बाई म्हणून. आता आवाज बंद करायला त्यांच्याकडे बटण नाही." त्यांनी हात वर केला. "अध्यक्षमहाराज, रेकॉर्डवर घ्या."

"घेतला," यमुनाबाई म्हणाल्या. "आता चा घे."