एका बटाट्याचं मेनूकार्ड

अगं, बाकीचं राहू दे, आधी हे ऐक. आत्ताच ताईकडून जेवून आले आणि नेमकं काय जेवले तेच अजून उमगत नाहीये.

आमचे भाऊजी छापखान्यात हॉटेलांची मेनूकार्डं बनवतात, माहितीये ना? (माणूस सोन्यासारखा, फक्त पाय जमिनीला क्वचित लागतात.) लग्नाला दोन वर्षं झाली तरी आई त्यांच्या घरी गेली नव्हती. आज पहिल्यांदा जेवायला येणार होती. कामावर निघताना ताईने भाऊजींना बजावलं, बाजार करून ठेव, आज घोळ झाला तर आई पुन्हा इथला उंबरा चढायची नाही.

भाऊजी पिशवी घेऊन निघालेसुद्धा. पण टेबलावर ऊन असं काही पसरलं होतं, की त्यांना वाटलं, सासूबाईंसाठी एक छोटंसं मेनूकार्ड करावं. पाचच मिनिटं. सायीच्या रंगाचा कागद, आणि अक्षरं अशी, की वाचताना झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटावं. मान वर केली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं, बाजार उठला होता आणि घरात होते फक्त बटाटे.

मग धंद्यातली अक्कल धावून आली. फिक्स मेनू म्हणजे आहे ते गिळा, त्यात नुसतं ‘बटाटे’ लिहिलं तर अब्रूच गेली. ‘आजचा खास’ म्हणजे कालचं उरलेलं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? राहिलं आ ला कार्ट, म्हणजे पाहुण्याने हवं ते निवडायचं. त्यांनी सगळे बटाटे एकाच पातेल्यात उकडले, मीठ-लोणी लावलं आणि कार्डावर पाच पदार्थ लिहिले.

आई आली. तीस वर्षं विमा कंपनीत काढलेली बाई, कुठलाही कागद खालून वर वाचते. चष्मा लावून कार्ड बराच वेळ बघितलं आणि ‘ढगातली सकाळ’ मागवली. ताईने ‘नदीकाठची डुलकी’, मी ‘निळ्या दाराची आठवण’.

ताटल्या आल्या. एकीत कुस्करा, एकीत चकत्या, एकीत अख्खे. खोली कशी संथ, सोनेरी झाली होती, भाऊजी तरंगतच वाढत होते. आणि खरं सांगते, मला पहिल्याच घासाला समुद्र आठवला. मी तसं मोठ्याने बोललेही. आईने डोळे मिटून दोन घास खाल्ले, मग दुसरा पदार्थ मागवला, मग तिसरा. पाचही झाले. भाऊजींना वाटलं, जिंकलो. हळूच विचारलं, सगळ्यांत काय आवडलं?

“तळटीप,” आई म्हणाली.

कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, हॉटेलांसाठी लिहून लिहून हाताला लागलेल्या सवयीने, भाऊजींकडून लिहिलं गेलं होतं: ‘सर्व पदार्थांत बटाटा आहे.’

“जावईबापू, एका बटाट्याची पाच बारशी केलीत.” भाऊजींचा चेहरा त्या कुस्कऱ्यासारखा झाला. आईने कार्ड अलगद घडी करून पर्समध्ये ठेवलं. “पुढच्या रविवारी येते. बाजार मी आणीन. दोन वर्षं मी तुम्हाला नावं ठेवली, आता पदार्थांना तुम्ही ठेवा.”

ताईचे डोळे भरून आले. मग आई माझ्याकडे वळली. “आणि हिला समुद्र आठवला.”

भाऊजी बिचारे माझ्या मदतीला धावले. म्हणाले, तिचं चुकलं नाही, तिच्या ताटलीत मीठ दोनदा पडलं होतं.

आता तूच सांग, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?