नानांच्या नावाचे गहू

जळगावच्या लीलाधरनानांनी यंदा ठरवलंच होतं, कानबाई देवीच्या सणाला शिंदखेड्याला जायचं आणि अख्ख्या भावकीला शहाणं करून सोडायचं! निवृत्त माणसाच्या घराजवळ वाचनालय निघालं की नातेवाइकांना भोगावंच लागतं.

दारात चपला काढतानाच नाना गरजले, "मी अज्ञेयवादी झालोय!"

थोरले भाऊ तोतारामआबांचा चेहरा उतरला. "मंग डाक्टर काय म्हने?"

"आबा, आजार नाही, विचार आहे! इंग्रजीत अ‍ॅग्नॉस्टिक म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज शास्त्रज्ञाने ग्रीकवरून घडवला हा शब्द. 'अ' म्हणजे नाही, 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान!"

"म्हनजे देव नही?"

"तसं मी म्हणत नाही."

"मंग शे?"

"आहे, असंही म्हणत नाही. पुराव्याशिवाय ठाम बोलायचंच नाही!"

वहिनी धुरपदाबाई तेव्हा कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढत होत्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, आणि ज्याचे गहू दळले त्यालाच रोट, असा त्या घरचा कडक नेम. नानांच्या पाळीला वहिनींची मूठ हवेतच थांबली.

"नाना, तुमना नावना गहू लेवाना का नही?"

नाना कीर्तनकारासारखे मंद हसले. "वहिनी, मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"बरं," म्हणत वहिनींनी मूठ परत कोठीत सोडली.

पूजा झाली. पुरणाचे रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी! असा वास सुटला की तापीपलीकडची माणसं नुसत्या वासावर ढेकरा देऊ लागली. पंगतीत नानांपुढे ताट आलं. लख्ख, घासलेलं, रिकामं.

"वहिनी, रोट?"

"तुमना वाटा शे का नही, ठाम कसं सांगू?"

वाढणाऱ्या प्रमिलाबाई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, कळवळून म्हणाल्या, "आग्रह नका करू हं त्यांना. तत्त्वाचे आहेत!"

शेजारी आबांनी रोटावर तुपाची धार सोडली. नानांचं तत्त्व त्या धारेबरोबर वाहून गेलं.

"शे, वहिनी, शे! कानबाई शे, खंडोबा शे, बठ्ठा देव शेत!"

आबांनी समाधानाने बोटं चाटली. "झकास! पुढला साल तुना गहू नक्की लेसूत."

दुपारी स्टँडवर उपाशी नानांनी कचोरीवाल्याला विचारलं, "ताजी आहे का?"

"एकदम ताजी, साहेब!"

कचोरीचा रंग पाहून समोरचं कुत्रंही उठून गेलं होतं. पण नानांनी पुरावा मागितला नाही. चार खाल्ल्या!

धुळ्यापर्यंत एस.टी. किती वेळा थांबवावी लागली म्हणता? त्याला मात्र बावन्न प्रवासी साक्षीदार आहेत.