एक अंडं शिल्लक

लोगांबल गोवेंडरला दोन दिवसांच्या बदल्यात दोन पोती खत मिळणार होतं. डोंगरावरच्या बौद्ध साधना केंद्राचा नियमच होता: शनिवार-रविवार बागेत राबा आणि जाताना माणशी एक पोतं न्या. पोती दोन हवीत तर माणसंही दोन हवीत, म्हणून तिनं नवऱ्याला जुंपलं. कुबेनचा बुद्धाशी संबंध नव्हता, खताशी तर नव्हताच. पण तिथं सकाळी उठल्यापासून दुपारच्या घंटेपर्यंत मौन असतं, हे कळल्यावर त्यानं हिशेब केला. दोन सकाळी बायको बोलणार नाही. तो तिच्या आधी बक्कीत, म्हणजे त्यांच्या मागून उघड्या पिकअप गाडीत, जाऊन बसला.

लोगांबलचा जीव कढीपत्त्याच्या झाडात अडकला होता. आई गेल्यावर तिच्या परसातून मुळासकट उपटून डरबनच्या नव्या घरी आणलेलं झाड. बिल्डरनं अंगणात माती म्हणून विटांचा चुरा भरलेला. झाडावर आता पानांच्या मोजून नऊ काड्या उरल्या होत्या, आणि त्यातली एकही बीन्सच्या रश्श्यात टाकायचा तिला धीर होत नव्हता.

केंद्रात खताचे ढीग दोन. मागचा ताडपत्रीखाली होता, त्यावर पाटी: "सापाची अंडी आहेत. हात लावू नये." इथं मुंगीलाही कुणी बेघर करत नसे, तेव्हा तो विषयच संपला. पुढचा ढीग सेवेकऱ्यांचा. शनिवारी सकाळी माळी झोंडीबाबांनी खुणेनंच सगळ्यांना दाताळी वाटली. आधी गांडुळं वेचून बादलीत ठेवायची, मग ढीग उपसायचा.

दहाच्या सुमारास लोगांबलच्या दाताळ्याखाली पांढरं काहीतरी चमकलं. दहा अंडी, लांबट, चामड्यासारखी मऊ. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कुणाला दिसली तर या ढिगावरही पाटी लागणार! तिनं डोक्यावरची गवती टोपी काढून अलगद त्यावर ठेवली आणि शेजारी निमूट काम करू लागली.

कुबेनच्या टकलाला ऊन लागत होतं. रिकामी टोपी दिसली, त्यानं उचलली.

"आयो! साप! सापाची अंडी!"

केंद्राच्या प्रमुख ऑड्रीबाई धावत आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मौन मोडलेलं पाहून त्यांनी घंटाच वाजवून टाकली.

"लोगांबल, टोपी तुमची ना? अंडी दिसली नाहीत तुम्हाला?"

"दिसली ना. ऊन लागू नये म्हणून तर झाकली."

झोंडीबाबा वाकले. जन्मात पहिल्यांदा सापाची अंडी पाहत असल्यासारखे पाहत राहिले. "अरेच्चा, ही तर खरीच आहेत!"

"मागच्या ढिगात सहा वर्षं सांभाळताय की तुम्ही, बाबा," ऑड्रीबाई म्हणाल्या.

"हो, हो. ती आहेतच. पण इथं म्हणजे नवलच." बाबा सावरले. "घरसापाची दिसतात. विष नसतं. दोन-अडीच महिने अशीच ऊब लागते बघा."

"म्हणजे हाही ढीग बंद," ऑड्रीबाईंनी निकाल दिला.

लोगांबलच्या डोळ्यांसमोर नऊ काड्या हलल्या. "मी नेते अंडी. माझ्या घरी."

"काय?" कुबेन ओरडला.

"तुम्ही मौन पाळा. अहो ऑड्रीबाई, उबेसकट नेते ना! सगळा ढीगच द्या. बक्की आहेच."

ऑड्रीबाईंचे डोळे भरून आले. इतकी करुणा त्यांनी वीस वर्षांत पाहिली नव्हती. बाकीचे सेवेकरी, ज्यांची पोती आता रिकामीच जाणार होती, तेही हात जोडून उभे राहिले आणि मग फावडी घेऊन त्यांनी गाडी भरून दिली. अंडी हलू नयेत म्हणून कुबेननं ती बैलगाडीच्या वेगानं डरबनला आणली. मागचे ट्रकवाले मौनात नव्हते.

ढिगाला जागा एकच, कढीपत्त्याच्या बुंध्याशी. तिथं तो ठेवल्यावर लोगांबलच्या लक्षात आलं, की आता त्यातलं मूठभर खतही उचलता येणार नाही. दर रविवारी ऑड्रीबाईंचा फोन: "बाळं कशी आहेत?" वरून तिला सापाची भयंकर भीती. ती अंगणात पाऊल टाकेना. राखण कुबेनकडे आली: एक खुर्ची, एक चहाचा पेला.

पाऊस पडत राहिला, ढिगातून काळं पाणी झिरपत राहिलं आणि झाड आपलं आपण प्यायलं. जानेवारीत लोगांबलनं खिडकीतून एकतीस काड्या मोजल्या आणि पुढं मोजणं सोडलं. त्याच आठवड्यात दहाच्या दहा अंडी फुटली. बोटभर पिल्लं भिंतीवरून पलीकडच्या ओढ्याकडे गेली. कुबेननं खुर्चीतून सगळ्यांना निरोप दिला.

"फुटली का हो?" खिडकीतून आवाज आला.

कुबेननं चहाचा घोट घेतला. "नऊ फुटली. एक राहिलंय."

"अगंबाई. मग बसा तिथंच. आणि मी हाका मारत नाही आता. दचकेल ते."

मार्चच्या सेवेला दोघं पुन्हा डोंगरावर गेले. लोगांबल झोंडीबाबांसाठी पातेलंभर बीन्सचा रस्सा वाढायला घेत होती, तेवढ्यात कुबेननं बाबांना मागच्या ढिगाशी गाठलं.

"बाबा, एखादं अंडं न फुटता किती दिवस राहू शकतं हो?"

झोंडीबाबांनी त्याला नीट न्याहाळलं. मग ताडपत्रीचं टोक उचललं. आत काळंभोर खत, एकाही पोत्यात न गेलेलं. अंड्याचं टरफलसुद्धा नाही. शेजारच्या वेलावर मांडीएवढे भोपळे.

"माझ्याकडे सातवं वर्ष चालू आहे," बाबा म्हणाले आणि पाटी सरळ केली.

म्हणजे झाडाला पानं मिळाली, सापांना घर, बाबांना भोपळे आणि कुबेनला रोजची संध्याकाळ. या सगळ्याची किंमत जिनं मोजली, ती पातेलं घेऊन चवड्यांवर चालत आली, त्यात मूठभर कढीपत्ता दिसत होता. दोघांकडे डोळे वटारून ती कुजबुजली:

"हळू बोला ना जरा! अंडी आहेत तिथं."