दहिफळे सरांचा खडबडीत आरसा

दहिफळे सरांच्या घरात एकच आरसा होता आणि त्यात कुणाचाच चेहरा दिसत नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हात धुऊन सवयीने भांग सारखा करायला वळलो, तर समोर एक धूसर आकृती माझ्याबरोबर हात वर करत होती. डोळे नाहीत, नाक नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस, असल्या गोष्टींना घाबरतोच. भांग तसाच ठेवून चहाला येऊन बसलो.

सर नगरला आमच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मूळचे पाथर्डीकडचे, एकटेच राहतात. काचेवर चांदीचा पातळ थर कसा वाढत जातो याचं गणित मांडायचं, हा त्यांचा ध्यास. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके टपटप पडतात, खड्डे-उंचवटे होतात आणि सर त्यांच्याशी बोलत बसतात, "बसला का? आरं, शेजारी खड्डा हाय, सरक की जरा!" चांदीचा कण खड्ड्यात सरकला तर थर गुळगुळीत, पडला तिथेच चिकटला तर खडबडीत. एवढं मलाही कळलं.

सगळं जग थर गुळगुळीत व्हावा म्हणून धडपडतं. सरांना तो खडबडीत हवा, तोही मोजूनमापून. कशाला, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "लई गुळगुळीत झालं की आपुनच दिसतो. काय उपेग?" स्टाफरूममध्ये आम्ही याला अध्यात्म समजत होतो.

मग एक दिवस सरांनी मिशी काढली. पाथर्डीचा गडी आणि पन्नाशीत मिशी काढतो! प्राचार्यांनी जवळ जाऊन हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"गेलं त्याला लई वर्सं झाली," सर म्हणाले आणि वर्गावर निघून गेले.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतलं चांदी चढवायचं यंत्र अखेरचे आचके द्यायला लागलं. नवं मिळणार नव्हतं. सरांनी त्यावरच बनवलेला घरचा आरसा हवेने काळा पडत चाललेला. आता त्या यंत्रातून जेमतेम एक काच निघाली असती.

"कवा थांबायचं तेवढं गणितानं बरोबर सांगाय पायजे, देशमाने सर," ते मला म्हणाले. "आधी थांबलो तर माझंच थोबाड. उशीर झाला तर नुसतं धुकं."

स्वतःचं नको तर मग कुणाचं हवं होतं? विचारायचं धाडस मला झालं नाही.

काच तयार झाली त्या दुपारी सर जेवणाचा डबा विसरून घरी पळाले. मी तो द्यायला गेलो. दार उघडंच होतं. सर नव्या आरशासमोर पाठमोरे उभे, डोक्यावरून टॉवेल घेतलेला. आणि आरशातून एक बाई माझ्याकडे बघत होती. डबा माझ्या हातातून खाली पडला.

सर वळले नाहीत. हलले तर ती निघून जाईल, अशा बेताने त्यांनी विचारलं, "तुमाला बी दिसली ना?"

"दिसली," मी म्हणालो.

"आमची आक्का. ऊसतोडीला जाऊन मला शिकवलं. एक फोटो न्हाई हो तिचा. पन समदे म्हनायचे, दोघं भावंडं एका तोंडवळ्याची." मग आरशाकडे बघत म्हणाले, "आक्का, हे देशमाने सर. कॉलेजात माझ्यासंगं असत्यात."

मी हात जोडले. आरशातल्या बाईने पदर सावरला आणि हात जोडले.